३१० मीटर उंचीवरचे आरमार

जुन्या युद्धनौकेचा तांत्रिक नकाशा बहुधा अशा जहाजाचा असतो, जे एव्हाना बुडालेले, जळालेले किंवा किलोच्या भावाने भंगारात गेलेले असते. जहाज गेले तरी नकाशा उरतो, आणि नकाशा उरला की कुणाला तरी ते जहाज घरातल्या टेबलावर पुन्हा बांधावेसे वाटते. अशा माणसाला मॉडेलर म्हणतात. जो स्वतः काही बांधत नाही, पण दुसऱ्याने बांधलेल्या जहाजाला तोफेची एक खिडकी कमी आहे हे दारातूनच सांगतो, त्याला नौदलप्रेमी म्हणतात. दोघांकडचा नकाशा एकच असतो. पहिल्याच्या नकाशावर फेव्हिकॉलचे डाग असतात आणि दुसऱ्याच्या नकाशाला लॅमिनेशन असते.

या विद्येला समुद्र लागत नाही. नागपूर हा त्याचा सज्जड पुरावा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. झीरो माइलच्या खांबापासून कोणत्याही दिशेला निघाले तरी खारे पाणी लागायला निदान एक रात्र प्रवास करावा लागतो. मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटरवर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर धावून भिवंडीजवळ आमणे येथे थांबतो, आणि हा योगायोग नागपूरच्या मॉडेलरच्या फार सोयीचा आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्याच खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधायला काढली. म्हणजे आरमाराच्या जन्मस्थानापर्यंत नागपूरहून आता एकाच रस्त्याने जाता येते. फक्त टोल भरावा लागतो.

समुद्र नागपूरच्या नशिबी कधीच नव्हता, असेही नाही. पहिल्या रघुजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या करून १७५१ मध्ये अलीवर्दीखानाकडून ओडिशा मिळवला, आणि बालासोरसारखे बंदर नागपूरच्या अमलाखाली आले. १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने तो मुलूख इंग्रजांना द्यावा लागला. मधली ५२ वर्षे नागपूरला चांगला लांबलचक किनारा होता. त्या काळात भोसल्यांनी घोडदळ सांभाळले. आरमाराचा नाद काही त्यांना लागला नाही. त्यामुळे आज धरमपेठेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये टीव्हीवरच्या फळीवर १:७०० प्रमाणातल्या पाच युद्धनौका ओळीने उभ्या असतील, तर तेच नागपूरच्या इतिहासातले सर्वांत बलाढ्य आरमार मानायला हरकत नसावी.

सरकारी पातळीवर या छंदाला एनसीसीचा आधार आहे. नौदल शाखेच्या छात्रांच्या अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात जहाजांच्या प्रतिकृती बनवण्याची रीतसर स्पर्धा असते. नागपुरातही नौदल शाखेचे छात्र आहेत आणि त्यांच्या वल्ह्यांसाठी अंबाझरीचे पाणी आहे. तरीही घरात नकाशा पसरला की शेजारचे काका डोकावून विचारतातच, ‘जहाज? अन् नागपुरात? कायले?’ या प्रश्नाला आता एक अधिकृत उत्तर उपलब्ध आहे. भारतीय नौदलाने २०२३ च्या डिसेंबरात सेवेत घेतलेल्या विनाशिकेचे नाव ‘आयएनएस इंफाळ’ आहे, आणि इंफाळलाही समुद्र नाही.

नकाशा वाचायचा तो त्याच्या तीन दृश्यांतून. बाजूने दिसणारे ते शीअर प्लॅन, वरून दिसणारे ते हाफ-ब्रेड्थ प्लॅन आणि समोरून व मागून दिसणारे ते बॉडी प्लॅन. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मिनी ड्राफ्टर खांद्याला लटकवून हिंडलेल्या आणि ग्राफिक्सच्या पेपरात एटीकेटी मिळवलेल्या नागपूरकराला यात नवे काही वाटू नये. पण त्या पेपरात शंकू आणि षटकोनी प्रिझम असतात. त्यांना कडा असतात, कोपरे असतात, माणूस कुठेतरी हात टेकू शकतो. जहाजाच्या पोटाला सरळ कड कुठेच नसते. म्हणून नकाशाकार त्याचे दुधी भोपळ्यासारखे तिन्ही दिशांनी काप करतो. पाण्याच्या पातळीला समांतर काप, लांबीच्या दिशेने उभे काप आणि रुंदीच्या दिशेने आडवे काप. हे सगळे एकावर एक काढले की कागदावर रेघांचे एक जाळे होते. त्यात जहाज आहे हे आधीपासून माहीत असेल, तरच ते दिसते.

वरून दिसणारे दृश्य अर्धेच काढतात, कारण डावी बाजू उजवीसारखीच असते असे धरून चालतात. बॉडी प्लॅनमध्ये काटकसर याहून पुढे जाते. मधल्या उभ्या रेघेच्या उजवीकडे जहाजाचा पुढचा अर्धा भाग असतो आणि डावीकडे मागचा. नवख्या मॉडेलरने हे लक्षात न घेता दोन्ही अर्धे मिळून एकच चौकट कापली, तर उजवीकडून पाहणाऱ्याला जहाज मुंबईहून निघालेले दिसते आणि डावीकडून पाहणाऱ्याला परत येणारे.

दोन्ही बाजू सारख्या असतात हे गृहीतकही पूर्ण खरे नाही. स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघाली आणि सुमारे १३०० मीटर जाऊन स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाली. वरचा भाग अवजड झाला होता आणि तळाशी वजन पुरेसे नव्हते. १९६१ मध्ये ती वर काढून इंच-इंच मोजली तेव्हा डावी आणि उजवी बाजू जुळेना. जहाजावर सुतारांच्या मोजपट्ट्याही सापडल्या. काही १२ इंचांच्या स्वीडिश फुटाच्या, तर काही ११ इंचांच्या ॲम्स्टरडॅम फुटाच्या. बांधणाऱ्यांनी या जहाजाचा नकाशा काढलेला नव्हता. तो संशोधकांनी तीन शतकांनंतर काढला, तोही वाकडेपणासकट, आणि आता जगभरचे मॉडेलर तो वाकडेपणा मिलिमीटरच्या दशांशापर्यंत जपून उतरवतात. मूळ सुतारांनी एवढी काळजी घेतली असती, तर वासा बुडाली असती तरी सरळ बुडाली असती.

नकाशासोबत एक आकड्यांचा तक्ता येतो. कोणत्या कापावर, किती उंचीला, मधल्या रेघेपासून जहाजाचे पोट किती दूर आहे, हे त्यात लिहिलेले असते, आणि तेही फूट, इंच आणि इंचाचे अष्टमांश अशा तीन आकड्यांत. ७-४-३ असे लिहिले असेल तर ती तारीख नसते. सात फूट, सव्वाचार इंच आणि वर एक अष्टमांश असे ते वाचायचे. दशमान पद्धतीत वाढलेल्या पिढीला हा तक्ता मिलिमीटरमध्ये आणताना मध्येच उठून चहा घ्यावासा वाटतो. त्यात आणखी एक खोच असते. जुन्या लाकडी जहाजांच्या या रेघा बहुधा सांगाड्याच्या बाहेरच्या कडेच्या असतात. वरच्या फळ्या त्यांत धरलेल्या नसतात. हे न कळता नकाशाबरहुकूम चौकटी कापून वर फळ्या मारल्या की जहाज लठ्ठ होते. चार इंची फळी १:४८ प्रमाणात दोन मिलिमीटरची. दोन्ही बाजूंच्या मिळून चार. चार मिलिमीटर कुणाला दिसत नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांची नौदलप्रेमींशी गाठ पडलेली नसते.

तिन्ही दृश्ये एकमेकांशी जुळवणे हे नकाशाकाराचे खरे काम. एका दृश्यात रेघ केसभर सरकवली की उरलेल्या दोन दृश्यांतही ती सरकवावी लागते, आणि तिथे ती सरकली की पहिल्या दृश्यात नवे बिनसते. पूर्वी यासाठी लवचीक लाकडी पट्टी वाकवून तिच्यावर शिशाची वजने ठेवत. पट्टी आपण होऊन जो बाक घेते, तो जहाजाला मानवतो आणि पाण्यालाही. आता हे काम संगणक करतो. वजने घरगुती वापरात गेली.

प्रमाणाच्या बाबतीत जुन्या ब्रिटिश नौदलाची रीत सर्वांत सोपी होती: पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८. या प्रमाणात काढलेले शिडाच्या जहाजांचे मूळ नकाशे ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मोठ्या संख्येने आहेत. पोलादी युद्धनौका आल्या आणि हे प्रमाण घरात मावेनासे झाले. जुनी ‘आयएनएस विक्रांत’ सातशे फूट लांब होती. १:७०० प्रमाणात ती बरोबर एक फूट होते. शाळकरी पट्टीइतकी, हिशेबाला सुटसुटीत. १:२०० मध्ये ती सव्वा मीटरच्या आत बसते. १:७२ मध्ये ती जवळजवळ तीन मीटर होते, म्हणजे दिवाणाला निरोप द्यावा लागतो. १:४८ मध्ये साडेचार मीटर. या प्रमाणाचा विचार करणाऱ्याने आधी गृहकर्जाचा करावा.

मराठी मॉडेलरला साहजिकच कान्होजी आंग्र्यांची गुराबे आणि गलबते बांधायची असतात, आणि इथे पंचाईत होते. त्यांचे नकाशेच नाहीत. कोकणातले मेस्त्री जहाज डोळ्यांनी आणि हाताच्या अंदाजाने बांधत. मापे बापाकडून मुलाकडे जात आणि वाटेत कागदाला कुठे शिवत नसत. महाराजांनी सुरुवातीला रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा भाऊ अशा पोर्तुगीज कारागिरांना कामाला लावले होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कान फुंकल्यावर ते काम अर्ध्यावर टाकून पळाले. आरमार त्यांच्यावाचूनही उभे राहिले. यावरून नकाशाकारांनी काही निष्कर्ष काढू नये, एवढीच विनंती.

मग आधार घ्यावा लागतो तो शत्रूचा. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या जहाजांचे जे वर्णन केले आहे, ते आजही मॉडेलरची मोठी ठेव आहे. गुराबाला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे ३०० टनांचे, दोनचे फार तर १५० टनांचे. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, पाण्यात बुड कमी, आणि पुढे नेहमीच्या जहाजासारखी गोलाई नसून भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब निघालेली चोच. त्या चोचीच्या रोखाने, डेकवरच्या आडव्या भिंतीतल्या खिडक्यांतून, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा पुढे तोंड करून. गलबत याच घडणीचे, पण लहान. क्वचितच ७० टनांच्या वर. काहींचा वरचा डेक चिरलेल्या बांबूंचा. चाळीस-पन्नास वल्ही.

वर्णन चांगले आहे, पण ऑर्मने वाकाच्या रेघा दिलेल्या नाहीत. ‘रुंदी पुष्कळ’ म्हणजे किती, हा प्रश्न तीन मॉडेलरांना विचारला की तीन गुराबे तयार होतात. चित्रे पाहावीत तर तीही जेत्यांची. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या पाण्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि डॉमिनिक सेरेससारख्या चित्रकारांनी पुढे तो विजय मोठ्या कॅनव्हासवर रंगवला. लढाईच्या चित्रांत धूर भरपूर असतो. मॉडेलरला हवा असलेला भाग नेमका त्या धुरामागे असतो. त्यामुळे गुराबाचा आज मिळणारा कोणताही नकाशा हा थोडा ऑर्म, थोडा कोकणातल्या मचव्यांचा अभ्यास आणि उरलेला आत्मविश्वास असा बनलेला असतो. हा दोष नव्हे, पण नकाशाच्या कोपऱ्यात तसे लिहावे. बहुतेक जण तिथे कंपासचे सुंदर चित्र काढतात.

नकाशावर बांधलेले आणि अजून जिवंत असलेले जहाज हवे असेल तर मुंबईच्या गोदीकडे वळावे लागते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ कंपनी सरकारला आणि ब्रिटिश नौदलाला जहाजे बांधून दिली. त्यांपैकी जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभे आहे. त्याच्या नकाशाची कथा मॉडेलरने जरूर वाचावी. पार्सल उशिरा आले म्हणून तो पुन्हा कधी तक्रार करणार नाही.

हे जहाज लेडा वर्गातले. या वर्गाचा नकाशा मुळात इंग्रजांचा नव्हे. १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच जहाजाचे पोट मोजून तो काढलेला होता. इंग्लंडमध्ये ओकचे लाकूड कमी पडू लागले म्हणून या फ्रेंच पोटाचे इंग्रज जहाज मुंबईत सागवानात बांधावे, असे १८१२ मध्ये ठरले आणि नकाशांचा संच ‘जाव्हा’ या युद्धनौकेवर चढवून मुंबईकडे रवाना झाला. त्याच जहाजावर मुंबईच्या फौजेचे सरसेनापती म्हणून नेमणूक झालेले जनरल टॉमस हिस्लॉप हेही होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जाव्हाला गाठले, झोडपले, आणि जाव्हा परत नेण्याच्या लायकीची उरली नाही म्हणून जाळून टाकली. नकाशे गेले. हिस्लॉप मात्र कैद होऊन वचनावर सुटले आणि पुढे हिंदुस्थानात आलेच. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारे ते हेच. नकाशे वाचले असते आणि हिस्लॉप बुडाले असते, तर जहाज लवकर झाले असते आणि महिदपूरला निदान दुसरा कुणी सेनापती आला असता. पण अमेरिकनांना मराठी राजकारणाची जाण नव्हती.

इंग्लंडहून नकाशांचा दुसरा संच आला. पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला, मलबारचे सागवान लागले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ट्रिंकोमाली पाण्यात उतरली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरला, नागपुरात सीताबर्डीची लढाई सुरू झाली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण सीताबर्डीच्या टेकडीपासून चार पावलांवर बसून ट्रिंकोमाली बांधणाऱ्या माणसाला तारखांचा हा शेजार सुखावतो. ज्या कॉन्स्टिट्यूशनने पहिला संच नष्ट केला, तीही बोस्टनला आजवर जपलेली आहे. मॉडेलरांच्या जगात तिच्या नकाशांचा खप प्रचंड आहे.

इथून पुढे नकाशाच्या तारखेचा प्रश्न सुरू होतो. जहाज एकदा बांधले की तसेच राहते, हा भाबडा समज. ट्रिंकोमालीचा १८४५ मध्ये कॉर्व्हेट झाला, तोफा कमी झाल्या, मागचा भाग बदलला. नंतर दुसऱ्याच नावाने तिने प्रशिक्षण नौकेची नोकरी केली. शेवटी डागडुजी होऊन ती पुन्हा तरुणपणीच्या रूपात उभी राहिली. विक्रांतचे तेच. १९६१ ते १९९७ अशा सेवेत तिचे डेक, रडार, विमाने, सगळे बदलत गेले. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून सी हॉक उडाली. सी हॅरियरसाठी पुढच्या टोकाला जो चढ बसवला, तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. चढ असलेल्या डेकवर सी हॉक ठेवून खाली ‘१९७१’ अशी पट्टी लावली, तर पाहुणे कौतुक करतात आणि एक निवृत्त नौसैनिक काही न बोलता चहा संपवून निघून जातो. म्हणून चांगल्या नकाशावर जहाजाच्या नावाच्या बरोबरीने तारीख असते, आणि भांडणे नावावरून कधीच होत नाहीत.

खुद्द विक्रांत २०१४ मध्ये भंगारात गेली. तिच्या पोलादाचा काही अंश बजाजने २०१६ मध्ये एका मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत वापरला, आणि ती गाडी देशभर खपली. परिणामी नागपूरच्या रस्त्यांवर विक्रांतचे अंश अजूनही सिग्नल तोडताना दिसू शकतात, पण तिचा विश्वासार्ह, मापातला नकाशा मिळवायचा तर महिनोन्महिने खटपट करावी लागते. जपानचे यापेक्षा बरे नाही. १९४५ मध्ये शरणागतीच्या सुमारास ‘यामातो’ या युद्धनौकेचे बहुतेक नकाशे जाळण्यात आले, आणि आता कुरे येथील संग्रहालयात तिची १:१० प्रमाणातली २६.३ मीटर लांबीची प्रतिकृती आहे. नकाशा नसला की माणसे प्रतिकृती मोठी करतात.

नकाशाऐवजी भिंतीवरचे चित्र हाती असले तरी जहाज होते, हे नौदलाने नुकतेच दाखवून दिले. अजिंठ्याच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे, मागे रांजण रचलेले एक जहाज रंगवलेले आहे. त्यावरून दोराने शिवलेल्या फळ्यांचे जहाज बांधायचा करार २०२३ मध्ये झाला. चित्रकाराने बाजूचे तेवढे दृश्य दिले होते. हाफ-ब्रेड्थ आणि बॉडी प्लॅन द्यायचे त्याच्या मनात आले नाही. ते काम नौदलाने केले, प्रतिकृतीच्या चाचण्या आयआयटी मद्रासमध्ये झाल्या, गोव्यात केरळच्या कारागिरांनी फळ्या शिवल्या आणि मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ नावाने ते नौदलात आले. पुढे पोरबंदरहून मस्कतपर्यंत ते गेलेही. सागरी नकाशाशास्त्राला अजिंठ्याने दिलेली ही देणगी विदर्भाच्या सीमेपासून फार दूर नाही, हे नागपूरकरांनी ध्यानात घेतलेले बरे.

नकाशा मिळाला की तो छापायचा. ए-झीरो कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा असतो आणि तो प्लॉटरवर निघतो. पूर्वी ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढत. दुकानात शिरल्याबरोबर डोळ्यांना पाणी येई आणि छंदाची भावनिक बाजू तिथेच उरकत असे. आता बिल्डिंगचे प्लॅन काढणाऱ्या दुकानात संवाद होतो तो असा:

‘फिट टू पेज करून देऊ का, भाऊ?’

‘नाही दादा, शंभर टक्केच पाहिजे.’

‘थोडासा कोपरा कटून राहिला पण. सत्त्याण्णव टक्क्यांत पूरा येते पाहा.’

सत्त्याण्णव टक्क्यांत खरेच सगळे येते. १:४८ प्रमाणातली ट्रिंकोमाली डेकवर सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. तिच्यातले तीन टक्के गेले तर पावणेतीन सेंटिमीटरच्या वर गेले, म्हणजे खऱ्या जहाजातले साडेचार फूट. त्या जहाजाला एका अंगाला मुख्य तोफा चौदा; म्हणजे दुकानदाराने सौजन्याने अर्धी तोफ कापली. यासाठी नकाशावर मापाची पट्टी छापलेली असते. ती घरी येऊन नव्हे, दुकानातच मोजायची असते.

उरलेली चूक हवामान करते. कागद ओल शोषून फुगतो, आणि धाग्यांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, सकाळी कागद पापुद्र्यागत कोरडा असतो. दुपारी कूलर सुरू होतो, खसातून गार ओली हवा थेट टेबलावर येते आणि जहाज रुंदीत वाढू लागते. संध्याकाळी कूलरचे पाणी संपले की ते पुन्हा आटते. दुपारी कापलेल्या चौकटी आणि रात्री कापलेल्या चौकटी एकमेकींना लागत नाहीत, आणि घरात त्याचे खापर फुटते ते कूलर लावणाऱ्यावर. जाणते लोक मापे कागदावरून न घेता तक्त्यातून घेतात. त्याहून जाणते लोक हे काम दिवाळीनंतर काढतात.

लाकडाचा प्रश्न विदर्भात सुटलेला असायला हवा होता. आलापल्लीचे सागवान देशात नावाजलेले; बल्लारशाहून ते नव्या संसद भवनापर्यंत आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांपर्यंत पोहोचले. ट्रिंकोमालीही सागवानी. पण १:४८ प्रमाणात सागवान वापरले की त्याची रंध्रे उघडी पडतात आणि जहाजावर गोळीबार होऊन गेल्यासारखे दिसते. प्रतिकृतीला बारीक पोताचे लाकूड लागते. युरोपातले लोक त्यासाठी बॉक्सवूड आणि पेअर वापरतात. विदर्भाच्या जंगलात त्या जागी हळदू आहे, पिवळसर आणि एकसारख्या पोताचे, जे एरवी फण्यांना आणि मोजपट्ट्यांना जाते. आरामशीनवाल्याला मात्र ‘हळदूची दीड मिलिमीटरची फळी’ असे म्हणून पाहावे. तो आधी ऐकून घेतो, मग मशीन बंद करतो आणि मग पुन्हा सांगायला सांगतो.

रंगाबद्दल नकाशा मौन पाळतो. फार तर एखाद्या बाणाच्या टोकाशी ‘ग्रे’ असे लिहिलेले असते. करड्या रंगाच्या छटांवर नौदलप्रेमींनी आजवर जेवढी शाई खर्च केली, तेवढ्यात एक लहानशी विनाशिका रंगवून झाली असती. ट्रिंकोमालीला काळा आणि पांढुरका पट्टा दिला की बहुतेकांचे समाधान होते.

शेवटी काचेची पेटी. तिचा नकाशा कुणी छापत नाही, म्हणून मॉडेलर तो स्वतः काढतो: एक चौकोन आणि तीन मापे. लांबीच्या जागी तो जहाजाच्या माहितीत छापलेला आकडा प्रमाणाने भागून लिहितो. शिडाच्या जहाजाची छापील लांबी ही तोफांच्या डेकची असते. नाळेपुढे तिरकी निघालेली लांब काठी तिच्यात धरलेली नसते. पेटी येते, जहाज आत जाते आणि काठी काचेला भिडते. पेटी परत नेण्याचे भाडे पेटीएवढेच होते, म्हणून सुतार काच काढून त्या जागी प्लायवूड लावतो आणि ड्रिलने बरोबर मापाचे भोक पाडून देतो.